बाळाच्या हृदयाचा सर्जन घडतो कसा?

तान्ह्या मुलाच्या 'हार्टला होल आहे' असं कळलं की पहिले काही दिवस घर सुन्न असतं. मग कुणीतरी जाणता, बहुधा मामा किंवा आजोबा, भानावर येऊन विचारतो, "ऑपरेशन करणार कोण? त्याचं शिक्षण काय?" डॉक्टरांच्या लेटरहेडवर एम.बी.बी.एस., एम.एस., एम.सीएच. अशी अक्षरं असतात आणि त्याखाली बारीक टायपात परदेशातल्या एखाद्या रुग्णालयाचं नाव. ती वाचून माणसं मान डोलावतात. पुढं काय विचारायचं हे ठाऊक नसतं, आणि विचारलं तर डॉक्टर रागावतील अशी धास्तीही असते.

त्या अक्षरांत काय दडलंय आणि त्यांच्यात काय मावत नाही, ते या प्रकरणात पाहू.

१. दोन डॉक्टर, दोन वाटा

पहिला गोंधळ इथेच होतो. इको करून निदान सांगणारे डॉक्टर आणि छाती उघडून दुरुस्ती करणारे डॉक्टर एकच असतात, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. निदान करणारे ते बालहृदयरोगतज्ज्ञ. ते आधी बालरोगशास्त्रात एम.डी. करतात आणि नंतर मुलांच्या हृदयाचं विशेष प्रशिक्षण घेतात. मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर सरकवून काही प्रकारची छिद्रं तेच बंद करतात. लोक त्याला 'छत्री बसवली' म्हणतात. तिथे टाका पडत नाही आणि सर्जनची गरजही लागत नाही.

छत्री बसण्याजोगं छिद्र नसेल, किंवा दोष छिद्रापलीकडचा असेल, तर सर्जन लागतो. त्याची वाट सुरुवातीपासूनच वेगळी आहे. तो बालरोग विभागातून येत नाही, येतो तो सर्जरीच्या वॉर्डातून.

२. वयाचा हिशेब

अठराव्या वर्षी नीट देऊन मुलगी मेडिकलला गेली असं धरू. एम.बी.बी.एस. साडेचार वर्षं, वर इंटर्नशिपचं एक. मग जनरल सर्जरीत एम.एस., तीन वर्षं. या काळात तिला हृदय फारसं दिसतच नाही. अपेंडिक्स, हर्निया, रात्री दोन वाजता अपघातातून आलेली माणसं, यांतच दिवस जातात. त्यानंतर हृदय, छाती आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची एम.सीएच. पदवी, आणखी तीन वर्षं. एम.बी.बी.एस.नंतर थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रमही काही ठिकाणी आहे, पण एकूण काळ तेवढाच.

या एम.सीएच.मध्येही मुख्यतः मोठ्यांची बायपास आणि झडपांची कामं असतात. म्हणून पदवी हातात पडल्यावर मुलांच्या हृदयासाठी वेगळी फेलोशिप करावी लागते, एक-दोन वर्षांची.

बेरीज करा : १८ + ५.५ + ३ + ३ + २ म्हणजे साडेएकतीस. हे प्रत्येक प्रवेशपरीक्षा पहिल्या फटक्यात पार पडली तर. शिवाय सरकारी कॉलेजचा बाँड यात धरलेला नाही. प्रत्यक्षात तेहतीस-चौतीस होतात. शाळेतल्या मैत्रिणींची मुलं तोवर पहिली-दुसरीत गेलेली असतात आणि ही अजून दुसऱ्याच्या ऑपरेशनमध्ये समोर उभी राहून बरगड्या बाजूला धरते आहे. नवजात बाळाचं अवघड ऑपरेशन मुख्य सर्जन म्हणून करायला मिळेपर्यंत चाळिशी डोकावते.

हृदयशस्त्रक्रियेच्या एम.सीएच.च्या जागा अलीकडे रिकाम्या राहतात अशा बातम्या येतात, त्यात मला नवल वाटत नाही. दुसरीकडे गरज किती, तेही पाहा. हजार जन्मांमागे आठ-नऊ मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. भारतात वर्षाला सव्वादोन-अडीच कोटी बाळं जन्मतात. म्हणजे दोष असलेली बाळं दरवर्षी साधारण दोन लाख. सगळ्यांना शस्त्रक्रिया लागत नाही, पण अंदाजे पाचातल्या एकाला पहिल्या वर्षातच काहीतरी करावं लागतं.

३. लहान आकाराचं मोठं हृदय नव्हे

मोठ्यांच्या हृदयावर हजार ऑपरेशनं केलेला सर्जन मुलांची का करू शकत नाही? एक कारण साध्या गणितात आहे. साठ किलोच्या माणसात किलोमागे सुमारे ७० मिलीलिटर, म्हणजे चार लिटरांहून थोडं अधिक रक्त असतं. तीन किलोच्या बाळात किलोमागे सुमारे ८५, म्हणजे सगळं मिळून अडीचशे मिलीलिटर. ऑपरेशनमध्ये ५० मिलीलिटर रक्त गेलं तर मोठ्या माणसाचा ऐंशीवा भागही गेलेला नसतो, बाळाचा मात्र पाचवा भाग गेलेला असतो. हृदय थांबवल्यावर शरीराला रक्त पुरवणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्या भरायला जेवढा द्रव लागतो, तो बाळाच्या एकूण रक्ताच्या बरोबरीला येऊ शकतो. म्हणून ते यंत्र चालवणारा परफ्युजनिस्टही मुलांच्या कामात मुरलेलाच लागतो.

नवजात बाळाचं हृदय त्याच्याच मुठीएवढं असतं. हृदयाच्या स्नायूंना रक्त देणाऱ्या त्याच्या वाहिन्या एक-दोन मिलिमीटर जाडीच्या. काही ऑपरेशनांत त्या कापून दुसऱ्या जागी शिवाव्या लागतात. भिंगाचा चष्मा लावून, केसाहून बारीक धाग्यानं.

पण माझ्या मते खरं कारण बारीकपणाचं नाहीच. मोठ्या माणसाचं हृदय मुळात नीट बांधलेलं असतं, पुढं ते बिघडतं. या मुलांचं हृदय मुळातच वेगळं बांधलेलं असतं. दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते, एखादा कप्पा तयारच झालेला नसतो, नाहीतर सगळं हृदय आरशातल्यासारखं उजवीकडे असतं. एकाच नावाचा दोष असलेली दोन हृदयं सारखी निघतीलच असं नाही. त्यामुळे हा सर्जन आधी दोषांचा नकाशा शिकतो. पूर्वी मरण पावलेल्या मुलांची जतन केलेली हृदयं हातात घेऊन, उलटून-पालटून, आत बोट घालून.

या विद्येचा पाया कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये मॉड ॲबट यांनी घातला. बाई म्हणून मॅकगिल विद्यापीठानं त्यांना वैद्यकाला प्रवेश नाकारला होता. पुढं त्याच विद्यापीठाचं वैद्यकीय संग्रहालय त्यांनी सांभाळलं आणि १९३६ साली हजार रुग्णांवर आधारलेला जन्मजात हृदयदोषांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. तोवर डॉक्टरांच्या लेखी हे दोष म्हणजे शवविच्छेदनात दिसणारी नवलाई होती.

४. पदवी नसलेला शिक्षक

आता बाल्टिमोर शहर, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय, २९ नोव्हेंबर १९४४. टेबलावर पंधरा महिन्यांची आयलीन सॅक्सन, वजन जेमतेम चार किलो, ओठ आणि नखं निळी. तिला होता 'टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो' हा दोष.

हा दोष पाटाच्या पाण्यावरून समजतो. विहिरीचं पाणी दोन पाटांनी जातं असं समजा. एक लहान पाट फुप्फुसांच्या वाफ्याकडे, दुसरा मोठा पाट बाकी सगळ्या शेताकडे. फुप्फुसांच्या वाफ्यात रक्त प्राणवायू घेऊन लाल होतं. फॅलोच्या दोषात त्या लहान पाटाचं तोंडच आवळलेलं असतं आणि दोन पाटांमधला बांधही फुटलेला असतो. त्यामुळे प्राणवायू न मिळालेलं रक्त फुटक्या बांधातून मोठ्या पाटात शिरतं आणि अंगभर फिरतं. म्हणून बाळ निळं. आवळलेलं तोंड मोकळं करण्याची सोय १९४४ मध्ये नव्हती, कारण हृदय थांबवून आत शिरता येत नव्हतं. तेव्हा बाहेरूनच एक वाट काढायची असं ठरलं. मोठ्या पाटाची एक फांदी वळवून लहान पाटाला, आवळलेल्या जागेच्या पुढं जोडायची.

कल्पना होती बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून बाळाच्या छातीवर बोटं ठेवून त्या हृदयाची कुरकुर ओळखत. ऑपरेशन करत होते सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक. आणि ब्लॅलॉक यांच्या मागे एका स्टुलावर उभं राहून, त्यांच्या खांद्यावरून पाहत, टाका कुठून घालायचा हे सांगत होते व्हिव्हियन थॉमस.

थॉमस डॉक्टर नव्हते. सुतारकाम शिकलेला हा कृष्णवर्णीय तरुण कॉलेजसाठी पैसे साठवत होता. महामंदी आली आणि तो बेत लांबणीवर पडला. १९३० मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, तो नॅशव्हिलमध्ये ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. कागदोपत्री त्याची नेमणूक सफाई कामगाराची होती. कुत्र्यांवर आधी हा दोष मुद्दाम निर्माण करायचा आणि मग तो दूर करायची जोडणी शिवायची, हे काम थॉमस यांनी महिनोन्‌महिने केलं. लागणारे चिमटे आणि सुयाही गरजेप्रमाणे घडवून घेतल्या. ब्लॅलॉक यांचा स्वतःचा या टाक्यांचा सराव अगदी तुटपुंजा होता. म्हणून त्या सकाळी त्यांनी थॉमस यांना मागे उभं राहायला सांगितलं.

जोडणी झाली, चिमटे काढले आणि आयलीनची प्रकृती सुधारली. काही महिन्यांनी त्रास परतला. पुन्हा शस्त्रक्रिया केली, पण ती वाचली नाही. तिच्यानंतरच्या मुलांचे ओठ मात्र ऑपरेशनच्या टेबलावरच गुलाबी होऊ लागले आणि जगभरातून निळी बाळं बाल्टिमोरला येऊ लागली. त्या जोडणीला ब्लॅलॉक आणि टॉसिग यांचं नाव मिळालं. थॉमस यांचं नाव जोडून घ्यायला वैद्यकानं अर्धशतकाहून अधिक काळ घेतला. हॉपकिन्सनं त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ साली. मधल्या काळात तिथल्या कित्येक तरुण सर्जनांचे हात त्यांनीच तयार केले. त्यांतले काही पुढं अमेरिकेतल्या नामांकित विभागांचे प्रमुख झाले.

लेटरहेडवरची शेवटची ओळ, 'फेलोशिप, अमुक रुग्णालय', त्यामुळेच सगळ्यांत मोलाची. पदवी सांगते परीक्षा कोणती दिली ते. फेलोशिप सांगते, कुणाच्या हाताखाली. मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये रॉजर मी यांच्याकडे, किंवा बोस्टनमध्ये आल्डो कास्टानेडा यांच्याकडे काम केलेला माणूस फक्त तिथलं तंत्र आणत नाही. कधी थांबायचं आणि केलेली शिवण पुन्हा कधी उसवायची, हेही तो तिथूनच शिकून येतो. ते पुस्तकात लिहिलेलं नसतं.

५. न दिसणारी तार

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल तर त्यावर ठिगळ शिवतात. डॉक्टर त्याला 'पॅच' म्हणतात, आणि तो पुष्कळदा त्याच मुलाच्या हृदयावरच्या आवरणातून कापलेला असतो. ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी की छिद्राच्या खालच्या काठालगत हृदयाच्या ठोक्याचा विजेचा संदेश वाहून नेणारा एक धागा जातो. डोळ्यांना तो दिसत नाही, कारण आजूबाजूच्या मांसात तो मिसळलेला असतो. त्याच्यातून एक टाका गेला तर वरच्या कप्प्यांचा संदेश खाली पोचत नाही आणि ठोके धोकादायकरीत्या मंदावतात.

मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ पासून अशी छिद्रं बुजवायला सुरुवात केली तेव्हा काही मुलं नेमकी अशीच गेली. छिद्र बंद झालेलं असायचं आणि ठोका हरवलेला. त्या मुलांना भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या यंत्राचा आधार देत. ३१ ऑक्टोबर १९५७ ला शहराची वीज गेली. लिलेहाय यांनी रुग्णालयाची यंत्रं दुरुस्त करणारे अर्ल बॅकन यांना बोलावलं आणि बॅटरीवर चालेल असं काहीतरी करायला सांगितलं. बॅकन यांनी काही आठवड्यांत गळ्यात अडकवता येणारा पेसमेकर बनवला. मूळ मंडल त्यांनी एका हौशी इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकातल्या मेट्रोनोमवरून उचललं होतं.

आजचा शिकाऊ सर्जन त्या अदृश्य धाग्याची जागा पाठ करतो आणि दोषाच्या प्रकारानुसार ती कशी सरकते तेही. डुकराच्या हृदयावर आणि हल्ली थ्री-डी छपाईतून काढलेल्या रबरी प्रतिकृतींवर तो टाके घालतो. मग वर्षभर वरिष्ठांच्या समोर उभा राहतो. आधी छाती उघडणं-मिटणं, मग मशीनच्या नळ्या जोडणं, मग वरच्या कप्प्यांतलं सोपं छिद्र, आणि फार पुढं खालचं.

६. मृत्यूंची वही

आता अवघड प्रश्न. सर्जन चांगला आहे हे मोजायचं कसं?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन सर्जन, दोघांचीही वर्षाला शंभर ऑपरेशनं. पहिल्याकडे चार मुलं दगावली, दुसऱ्याकडे सहा. बहुतेक जण पहिल्याकडे जातील. पण पहिल्यानं ९० सोपी आणि १० अवघड केली होती, दुसऱ्यानं २० सोपी आणि ८० अवघड. सोप्या ऑपरेशनात शंभरात एक आणि अवघडात शंभरात दहा मृत्यू अपेक्षित आहेत असं धरा. पहिल्याकडे अपेक्षित मृत्यू दोनपेक्षाही कमी होते, झाले चार. दुसऱ्याकडे अपेक्षित होते आठ, झाले सहा. बाळ कुणाच्या हाती द्यावं, हे आता उलट दिसेल. यासाठीच बोस्टनच्या डॉक्टरांनी २००२ साली या ऑपरेशनांची सहा पायऱ्यांत वर्गवारी केली. वरच्या कप्प्यांतलं छिद्र बुजवणं पहिल्या पायरीवर, आणि डावी बाजूच न वाढलेल्या हृदयाचं नॉरवुड ऑपरेशन सहाव्या.

हिशेब न ठेवल्यानं काय होतं ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टलनं दाखवलं. तिथल्या एका रुग्णालयात एक वर्षाखालच्या मुलांची ओपन-हार्ट ऑपरेशनं होत. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी, स्टीफन बॉल्सिन यांनी, आकडे जमवून धोक्याची घंटा वाजवली, पण वरिष्ठांनी बराच काळ तिकडे लक्ष दिलं नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी चौकशी अहवालानं सांगितलं की १९९१ ते १९९५ या काळात देशातल्या तशाच केंद्रांच्या तुलनेत तिथे ३० ते ३५ मुलं जास्त दगावली. सर्जन अडाणी नव्हते. पदव्या, अनुभव, पद, सगळं होतं.

त्याच सुमारास लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात मार्क दे लवाल हे बेल्जियन सर्जन नवजात बाळांच्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल दुरुस्त करत होते. या ऑपरेशनला 'आर्टेरियल स्विच' म्हणतात, आणि ते पहिल्यांदा यशस्वी केलं ब्राझीलच्या आदिब जातेने यांनी, १९७५ मध्ये. दे लवाल यांची सुरुवातीची बाळं जवळजवळ सगळी वाचली. मग थोड्या काळात एकामागून एक मुलं दगावली. दुर्दैव म्हणून ते सोडून देता आलं असतं. त्यांनी कारखान्यात मालाचा दर्जा तपासायला वापरतात ते संख्याशास्त्र आपल्याच ऑपरेशनांना लावलं. निष्कर्ष निघाला की हा योगायोग नव्हे, आपल्या कामात काहीतरी बिघडलंय. प्रथितयश सर्जन असूनही ते चांगले निकाल असलेल्या दुसऱ्या केंद्रात पुन्हा शिकायला गेले. परत आल्यावर निकाल सुधारले. हे सगळं त्यांनी १९९४ साली शोधनिबंध लिहून जाहीर केलं. एवढ्या उंचीवरच्या सर्जननं स्वतःच्या अपयशांचा असा आलेख छापल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

ते तिथेच थांबले नाहीत. ब्रिटनमधल्या १६ केंद्रांतल्या २१ सर्जनांची २४३ 'स्विच' ऑपरेशनं, शेजारी निरीक्षक उभे करून, त्यांच्या गटानं तपासली. २००० साली निकाल आला. मोठी चूक झाली तर सगळे सावध होतात आणि ती पुष्कळदा सावरली जाते. बारीकसारीक गडबडी मात्र कुणाच्या ध्यानात येत नाहीत. मॉनिटरची तार सुटते, हवं ते उपकरण वेळेवर मिळत नाही, कुणीतरी नको तेव्हा बोलतं. अशा गोष्टी साचत जातात आणि बाळाला भोवतात. त्याच रुग्णालयानं पुढं ऑपरेशन थिएटरातून आयसीयूत बाळ सोपवण्याची पद्धत सुधारायला फेरारी या शर्यतीच्या गाड्यांच्या चमूची मदत घेतली. काही सेकंदांत चार चाकं बदलणाऱ्यांना, कोण कधी बोलणार आणि कोण गप्प राहणार, हे पक्कं ठाऊक असतं.

७. मग विचारायचं काय?

मामा किंवा आजोबांनी लेटरहेड वाचावंच. पण नंतर थोडं पुढं जावं. याच दोषाची, याच वयाच्या बाळांची किती ऑपरेशनं इथं वर्षाला होतात? 'हृदयाची किती' हा प्रश्न उपयोगाचा नाही, कारण त्यात मोठ्यांच्या बायपासही मोजल्या जातात. त्यांतली किती मुलं घरी गेली? आकडा तोंडपाठ असलेला सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो, आकडा थोडा कमी चांगला असला तरी. भूल देणारे डॉक्टर मुलांचंच काम करतात का? आणि पहिल्या रात्री आयसीयूत कोण असेल? बाळ बिघडतं ते बहुतेक वेळा टाके घालताना नव्हे, नंतरच्या एक-दोन दिवसांत.

पैशांचा प्रश्न असेल तर अंगणवाडी किंवा शाळेतल्या आरोग्य तपासणीच्या पथकाला गाठावं. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात हृदयदोष येतात आणि पुढचे उपचार मोफत होतात. नवी मुंबईत खारघरला तर मुलांच्या हृदयाचं अख्खं रुग्णालय बिलाच्या खिडकीशिवाय चालतं.

शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, कारण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो फार लांबचा वाटतो. फॅलोची दुरुस्ती झालेलं मूल शाळेत जातं, खेळतं, पण त्याच्या फुप्फुसाकडच्या झडपेतून रक्त मागे गळत राहतं आणि विशी-तिशीत कित्येकांना ती झडप बदलावी लागते. तोवर ऑपरेशन केलेले सर्जन निवृत्त झालेले असतात आणि जवळच्या गावातल्या हृदयरोगतज्ज्ञानं असं हृदय क्वचितच पाहिलेलं असतं. म्हणून डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशनची सविस्तर नोंद, नुसतं बिल आणि औषधांची चिठ्ठी नव्हे, मागून घ्यावी, आणि मूल वीस वर्षांचं झाल्यावर त्याला कोण तपासेल हे त्या दिवशीच विचारून ठेवावं.